तो नव्हे, हा सर्वांत मोठा गरुड

ता. ४ फेब्रुवारी

धाकटे, आशीर्वाद.

सगळ्यांत आधी टपकला तो त्यांचा ड्रायव्हर. मी दुकानाच्या पायरीवर लसूण सोलत बसले होते, तर हा विचारतो, "आजी, गरुडाचं दुकान हेच का?" म्हटलं, "बाबा रे, काचेत एवढे पंख पसरून बसलाय तो काय तुला कोंबडा वाटला?" मग उतरला एक किडकिडीत मोजपट्टीवाला, मग एक चष्मेवाली पोरगी, आणि सगळ्यांत शेवटी बाईसाहेब. नवं पक्षीसंग्रहालय बांधतायत ना, त्याच्या मुख्य बाई. पायांत असे टकटक वाजणारे बूट, की टेबलाखालचं मांजर उठून थेट माळ्यावर गेलं. ते अजून खाली यायला तयार नाही, दूध वर नेऊन द्यावं लागतंय. ते असो.

बाईंनी काचेवरची पाटी मोठ्याने वाचली. 'जगातला सर्वांत मोठा गरुड'. ही पाटी तुला आठवत असेलच. तुझ्या नवऱ्याने समोरच्या गाळ्यात 'तो नव्हे, हा' अशी पाटी लावली होती, तीही आठवत असेल. बाई म्हणाल्या, "दारातून आत शिरलं की पहिलाच दिसेल असा गरुड आम्हांला हवाय. जगातला सर्वांत मोठा. म्हणून बघायला आलो."

ह्यांनी लगेच कोट चढवला. एका डोळ्यात मोतीबिंदू, दुसऱ्याला काय झालंय ते डॉक्टरलाच ठाऊक, पण राजाचं, आपल्या गरुडाचं, पीस न् पीस बोटांनी दाखवत होते. हा हार्पी, दाट जंगलातला, डोक्यावर दुहेरी तुरा. पाय बघा, लहान पोराच्या मनगटाएवढे. मागचं नख बघा, अस्वलाच्या नखाशी ताडून बघा. हा फांदीवरचं माकड असं उचलतो जसं आपण दोरीवरचा टॉवेल. अगं, इतक्या दिवसांत ह्यांना इतकं बोलताना मी ऐकलं नव्हतं. मोजपट्टीवाल्याने पंख मोजले, चोचीपासून शेपटीपर्यंत मोजलं, नख मोजलं. आणि मग गाडीतून काय आणावं? वजनकाटा! मी तर हसून हसून बेजार. म्हटलं, "आत पेंढा आहे, तार आहे, आणि आमच्या जुन्या गादीचा कापूस. आमच्या गादीचं वजन करायला एवढ्या लांबून आलात?" चष्मेवाली पोरगी हसली. बाई हसल्या नाहीत.

हे राजाचं काम होऊन जावं एवढंच माझं मागणं आहे. तुला म्हणून सांगते, आमचे चिरंजीव दुकान एका मोबाइलवाल्याला द्यायला निघालेत, एक एप्रिलपासून. आम्ही दोघं त्याच्या फ्लॅटवर. राजाचं काय, म्हटलं तर म्हणतो, "आई, दोन मीटर पंखांचा पक्षी मी कुठल्या खोलीत ठेवू? भंगारवालासुद्धा नेणार नाही." भंगारवाला! ज्या पंजाचं बोट धरून त्याच्या पोरीने पहिलं पाऊल टाकलं, त्याला हा भंगारवाला दाखवतो. मी त्या दिवशी त्याला जेवायला वाढलं, पण लोणच्याची बरणी उघडली नाही.

आता मुख्य गोष्ट. बाईंनी निघताना विचारलं की असाच आणखी एक गरुड तुमच्या धाकट्यांकडे आहे म्हणे. म्हणजे त्या तुमच्याकडेही येणार. तेवढा तुमचा सरदार झाडूनपुसून ठेव, धुळीने माखलेला दिसला तर आपल्याच घराण्याची शोभा. मात्र उगाच आशा लावून बसू नका. इथलं काम झाल्यात जमा आहे.

हे पत्र भावजींना दाखवू नकोस. दोघं भाऊ एकमेकांचं नाव घेत नाहीत, ते नाहीच घेत.

तुझी थोरली जाऊ

&nbsp;

ता. १२ फेब्रुवारी

थोरल्या जाऊबाईंस नमस्कार.

पत्र पोचलं. आशा न लावण्याचा सल्लाही पोचला. एरवी तुमचं पत्र घरात कुणी जन्मलं किंवा गेलं की येतं, त्यामुळे पाकीट उघडण्याआधी देवाजवळ दिवा लावला. निघाला गरुड.

मंडळी आमच्याकडे परवा येऊन गेली. सरदार आमच्या हॉलमध्ये मधोमध असतो, दिव्याखाली, त्यामुळे झाडायचा प्रश्नच आला नाही. त्यांच्यातल्या चष्मेवाल्या मुलीने बघताक्षणी हात जोडले. म्हणाली, हा समुद्री गरुड, वजनाला जगातल्या सगळ्या गरुडांत भारी. चोच बघा, म्हणाली, अशी चोच दुसऱ्या कुणाला नाही. हे माझे शब्द नाहीत, शिकलेल्या मुलीचे आहेत.

पंखांचं म्हणाल तर दादांनी पंख पसरून बसवला म्हणून तो मोठा दिसतो. हार्पीचे पंख मुळातच आखूड. झाडांच्या गर्दीतून उडायचं तर लांब पंख अडकतील. आमच्या ह्यांनी सरदारचे पंख मिटून ठेवले, कारण त्याला दाखवायची गरज नाही. उघडले तर तुमच्या दुकानाची काच फुटेल.

आणखी एक. बाईंनी विचारलं, तुमच्या भावाच्या गरुडाची लांबी खरी आहे का? मी खरं ते सांगितलं. कातडी ओली असताना दादांनी मान दोन बोटं ओढली होती. मी समोर बसून सुईत दोरा ओवत होते, डोळ्यांनी बघितलं. ओली कातडी ओढावी तेवढी येते, हे काय तुम्हांला मी सांगायचं? बाईंनी विचारलं म्हणून सांगितलं, आपणहून नाही.

मोठ्यांना नमस्कार. नातीला पापा.

आपली धाकटी जाऊ

&nbsp;

ता. १७ फेब्रुवारी

धाकटे,

आज आशीर्वाद नाही. आज माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली आहे, आणि ती उतरेपर्यंत मी तुला आशीर्वाद देणार नाही.

काय गं, तुला लाज कशी वाटली नाही? त्या मोजपट्टीवाल्याचा काल फोन आला. फोन नेमका ह्यांनी घेतला. तो सरळ विचारतो, "काका, मान ओढलेली आहे का?" ह्यांनी फोन ठेवला, काचेपाशी गेले आणि राजाची मान चाचपत बसले. वरून खाली, खालून वर. चहा समोर गार झाला. मी म्हटलं, "अहो, सोडा ते." तर म्हणाले, "तिने बघितलं होतं?" एवढंच. रात्री जेवले नाहीत, सकाळी अर्ध्या बिस्किटावर उठले. ते बिस्किट मी अजून बशीत तसंच ठेवलंय, तुला पाठवायला.

आता ऐक. बघायचंच असेल तर मीही बघितलंय. राजाची मान मी शिवली आहे. ओढलेली कातडी सुईखाली कशी ताठ लागते ते तुझ्याआधी मला कळतं. आणि तुमच्या सरदाराचं पोट? त्याला ते पोट समुद्राने नाही दिलं, माझ्या उशीने दिलं! भावजींनी माझी चांगली कापसाची उशी टराटरा फाडली आणि कोंबत बसले, कोंबत बसले. मी म्हटलं होतं, "भावजी, हा गरुड आहे का लठ्ठ सावकार?" तर म्हणाले, "वहिनी, भारदस्त दिसला पाहिजे." भारी म्हणे! वजनाला भारी! माझी उशी परत द्या आणि मग करा वजन.

आणि कौतुक कसलं करतेस? तुमचा तो काय उचलतो? मासे. मासे तर मांजरही उचलतं. आमचा झाडावरून जितंजागतं माकड उचलतो.

मूळची गोष्टही आज काढतेच, तूच काढायला लावलीस. पेटी एक आली होती. जहाजावरच्या माणसाने आणलेली दोन कातडी, मीठ लावून कडक वाळवलेली. हे थोरले, ह्यांनी आधी निवडलं. त्यात काय गुन्हा झाला? त्यावरून भावजींनी समोर गाळा घेतला, पाटी लावली, येणाऱ्याजाणाऱ्याला हसू पुरवलं, आणि शेवटी तुला घेऊन दुसऱ्या गावी गेले. एका ताटात जेवणारे दोघे भाऊ. माझ्या लग्नात ज्याने माझी चप्पल लपवली तो दीर, माझ्या नातीच्या बारशाला आला नाही. एका पक्ष्यापायी.

आता राजाला ठाव मिळत होता, त्यातही तू खडा टाकलास. जा, लाव तुझ्या दिव्याखाली.

थोरली

&nbsp;

ता. २३ फेब्रुवारी

थोरल्या जाऊबाईंस,

नमस्कार लिहायचं सोडत नाही. तुम्ही आशीर्वाद सोडला म्हणून मी सोडायचं असं काही नाही.

मांजराचं आधी. मांजर बर्फात जाऊन समुद्रातून मासा उचलतं का? आणि तो मासा स्वतःच्या वजनाचा? एकदा मला दाखवा असं मांजर.

आता पेटीचं. गोष्ट अर्धी सांगितलीत. दादांनी मोठी दिसली ती कातडी उचलली. वाळलेली कातडी काही खरं सांगत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. टबात भिजवल्यावर आमची उलगडत गेली, उलगडत गेली, टबाबाहेर आली. तेव्हा दादा म्हणाले, "बदलून दे." ह्यांनी नाही म्हटलं. मग दादांनी स्वतःची रात्रभर पाण्यात ठेवली आणि सकाळी ओढली. मान ओढली हे खोटं नाही. सांगायला नको होतं असं म्हणायलाही मी तयार नाही. मात्र फोन दादा घेतील हे माझ्या मनात आलं नव्हतं. तो किडकिडीत मेला बाईंना न सांगता फोन करत सुटला असणार.

तुम्ही एवढं फाडफाड लिहिलंत, तर मीही लिहिते. सरदार हॉलमध्ये नसतो. न्हाणीघरात असतो. पाण्याच्या पिंपावर फळी टाकून, वर जुनी चादर. सूनबाई म्हणाली पाहुणे आले की घाबरतात, पिसांना वास येतो, बाळाला शिंका येतात. तीन गोष्टींतली एकही खरी नाही. आमचे हे रोज दुपारी आत जाऊन कडी लावतात. आंघोळीला नाही. स्टुलावर बसून मऊ ब्रशने त्याची पाठ झाडत बसतात. बाहेरून सून दार वाजवते, "बाबा, मशीन लावायचंय." ते म्हणतात, "दोन मिनिटं." माझा जळफळाट होतो, जाऊबाई. ज्याने सगळी हयात पक्ष्यांना बसायला जागा करून दिली, त्याला बसायला स्टूल, तेही न्हाणीघरात. बाई आल्या त्या दिवशी तेवढा आम्ही त्याला हॉलमध्ये आणला होता. बाई गेल्या, परत आत.

त्यामुळे संग्रहालयात सरदारच गेला पाहिजे. तुमच्या राजाला निदान अजून काच आहे.

एक गंमत सांगते आणि संपवते. गंमत म्हणजे माझ्या रागाच्या पोटातली. चष्मेवालीने सरदारचे पाय मोजले, तुमच्याकडचे आकडे काढले आणि म्हणाली, "आजी, हे दोन्ही नर नाहीत." म्हटलं, काय? म्हणाली, "दोन्ही माद्या आहेत. गरुडांत मादी मोठी असते, नर तिच्यापुढे लहान. एवढे जाड पाय नराचे नसतात." म्हणजे तुमचा राजा आणि आमचा सरदार, दोघी बायका. ह्यांना अजून सांगितलं नाही. हिंमत झाली नाही.

धाकटी

&nbsp;

ता. १० मार्च

धाकटे,

आशीर्वाद घे. तुला देतेय, कारण आज माझा राग तुझ्यावर नाही. तुझ्यावरचाही आहेच, पण तो मी फडताळात घालून ठेवलाय, सवडीने काढीन.

बाईसाहेब परत आल्या होत्या. टकटक टकटक. मांजर पुन्हा माळ्यावर. सोबत छापील कागद, रंगीत, वर चित्र. मला वाटलं राजाचं चित्र. बघते तर हे कोण? हा राजा नाही, हा सरदार नाही, हा देवाने घडवलेला कुणीच नाही. बाई म्हणाल्या, "आजी, प्रश्न असा आहे की सर्वांत मोठा म्हणजे कोण? वजन धरलं तर समुद्री गरुड. पंजांची ताकद धरली तर हार्पी. लांबी धरली तर तिसराच, बेटावरचा माकडं खाणारा. पंखांचा पसारा धरला तर आणखी कुणी पांढऱ्या शेपटीचा पुढे येतो. एकही सगळ्यांत मोठा नाही." मी म्हटलं, "मग?" तर म्हणाल्या, "मग आम्ही सगळ्यांचं मिळून एक मॉडेल करतोय. फायबरचं."

कळतंय का तुला? पंजे आमचे, चोच तुमची, लांबी तिसऱ्याची, पंख चौथ्याचे. आणि खाली पाटी, 'जगातला सर्वांत मोठा गरुड'. असा पक्षी जगात कधी अंड्यातून निघालाच नाही! मी विचारलं, "हा बाई आहे का बुवा?" तर म्हणाल्या, "ते मॉडेल आहे." हे मध्येच म्हणाले, "आणि आमचा?" तर बाईंनी घड्याळ बघितलं. म्हणाल्या, जुने पेंढ्याचे नमुने ठेवायला जागा नाही, कसर लागते, लोकांना आवडत नाहीत. फक्त पंजांचा साचा घ्यायला माणूस येईल, सहकार्य करा. चोचीचा साचा तुमच्याकडून घेणार आहेत म्हणे. म्हणजे पहिल्या दिवसापासून ह्या लोकांना आपला पक्षी नकोच होता. ते मोजत होते ते आपल्याला लुटायला. कसाई मोजतो तसं.

चष्मेवाली पोरगी मागे उभी होती, खाली मान घालून. तिला मी काही बोलले नाही. तिने जाताना हळूच राजाच्या पंखाला हात लावला.

हे उठले. भिंत धरून उठले. मला वाटलं आता खाली बसतील. तर बाईंना म्हणाले, "चोच समुद्री गरुडाची घेताय?" बाई म्हणाल्या, "हो." "माझ्या भावाच्या पक्ष्याची?" "हो." "आणि ती ह्या फायबरच्या तोंडावर चिकटवणार?" "हो, काका." तेव्हा हे असे ओरडले की समोरचा शिंपी मशीन सोडून बाहेर आला. "त्याच्या चोचीला हात लावायचा नाही!" ती पेटी आली तेव्हापासून ह्यांच्या तोंडून भावजींच्या पक्ष्याला कोंबडी, बदक, गोणी एवढंच ऐकलंय. आज चोच म्हणाले. आणि त्याची म्हणाले.

ती माद्यांची गंमत मी त्याच संध्याकाळी सांगून टाकली. म्हटलं, एवढं वाईट झालंच आहे तर हेही होऊन जाऊ दे. राजाच्या मानेवरून एकदा हात फिरवला. मग म्हणाले, "तरीच. मान ओढली तेव्हा ऐकत नव्हती." अगं, मी स्वयंपाकघरात जाऊन पदर तोंडात कोंबून हसले, आणि हसता हसता रडले, आणि मग पुन्हा राग आला.

मान ओढली, हे त्यांनी असं स्वतःच म्हटलं. तुला कळावं म्हणून लिहिलंय. तू खरी होतीस. माझ्या उशीचंही मात्र खरं आहे.

तुमच्याकडे साचेवाला आधी येईल की काय कळत नाही. दार उघडू नका.

तुझी थोरली

&nbsp;

ता. १४ मार्च

जाऊबाई,

दोनच ओळी, पत्र घाईत टाकते आहे.

तुमचं पत्र मी ह्यांना वाचून दाखवलं. लपवलं नाही, सगळं. ऐकून न्हाणीघरात गेले, कडी लावली. मी म्हटलं गेले ब्रश घेऊन. अर्ध्या तासाने बाहेर आले ते सरदारला मच्छरदाणीत गुंडाळून, काखेत मारून. सून म्हणाली, "बाबा, हे काय, कुठे?" म्हणाले, "तुझं मशीन लाव आता." निघाले. डबा नाही, स्वेटर नाही. दुसऱ्या हातात माळ्यावरून काढलेली एक फळी होती, कागदात बांधलेली, ती कसली ते मला सांगितलं नाही. बसस्टँडवर गेले एवढं शेजाऱ्यांनी बघितलं. माझा गुडघा सुजलाय, मागे धावता आलं नाही.

तिकडे आले असतील तर कळवा. तिकडे आले नसतील तर मी काय करू तेही कळवा.

धाकटी

&nbsp;

ता. १७ मार्च

धाकटे, आशीर्वाद, आणि श्वास सोड. इथे आहेत.

रात्रीच्या बसने आले. कंडक्टरशी भांडण करून आले, हे तुला तुझ्याच नवऱ्याबद्दल मी काय सांगायचं. कंडक्टर म्हणाला, सामान टपावर टाका. भावजी म्हणाले, "सामान नाही, बाईमाणूस आहे, तिचं तिकीट द्या." आणि खिडकीशेजारची जागा घेऊन दिली तिला. म्हणजे तूही त्यांना माद्यांचं सांगितलंस तर. सगळी बस गरुडाकडे बघत आली.

सकाळी मी दुकान झाडत होते, तर काचेबाहेर मच्छरदाणी उभी. आधी मी किंचाळलेच. मग त्यातून भावजींचे पाय दिसले. म्हातारे झालेत गं. पाठ वाकलीय. मी म्हटलं, "या." ते आत आले, पण ह्यांच्याकडे बघेनात. सरदार टेबलावर ठेवला, मच्छरदाणी काढली. ह्यांना काही दिसत नाही, पण वासावरून कळलं असणार, कातड्याला चोळलेल्या कापराचा तो वास. हे टेबलाशी आले. हात पुढे केला. आधी चोच हाताला लागली. ती धरून ठेवली. मग डोकं, मग मान, मग खांदे, मग हात खाली गेला. मी देव्हाऱ्याजवळ उभं राहावं तशी उभी. इतक्या वर्षांनी काय बोलतात बघू.

हे म्हणाले, "पोट फार भरलंस."

भावजी म्हणाले, "मान ओढलीस."

झालं. मग दोघंही खुर्च्यांवर बसले आणि मी चहा टाकला. अर्ध्या तासात भांडायला लागले, ते अजून भांडतायत. चोचीपासून शेपटीपर्यंत टेप सरळ धरायची की पाठीच्या वळणावरून न्यायची, ह्यावर. सरळ धरली तर तुमची मोठी, वळणावरून नेली तर आमची. हे म्हणतात पक्षी काय काठी आहे? भावजी म्हणतात पक्षी काय साप आहे? मी म्हटलं, दोघांच्या दोघी आता एकाच काचेत बसणार आहेत, ओरडा काय ओरडायचं ते. ती कागदातली फळी कसली होती, ते ऐक. ती जुनी पाटी! 'तो नव्हे, हा'. इतकी वर्षं जपून ठेवली मेल्याने. आता काचेत दोन्ही पाट्या लागल्यात, शेजारी शेजारी, आणि रस्त्यावरचे लोक थांबून हसतायत. पण आता कुणाला राग येत नाही. म्हणजे राग येतो, पण दुसऱ्यावर.

चिरंजीव संध्याकाळी आले. एक पक्षी सोडून दोन बघितले, तोंड उघडंच राहिलं. "आई, मोबाइलवाल्याला मी शब्द दिलाय." मी म्हटलं, "तू दिलास, मी नाही. दुकान माझ्या वडिलांनी मला दिलेलं आहे. मी इतके दिवस गप्प होते, कारण मला वाटलं ह्यांचे डोळे गेले, आता काय करायचं दुकान. आता इथे चार डोळे आहेत, त्यांतले दोन तरी बरे आहेत." म्हणाला, "मग मी त्याला काय सांगू?" म्हटलं, "सांग, जागा भरली. दोघी बायका राहायला आल्यात." तो पाय आपटत गेला. पायरीवरून परत फिरला आणि विचारलं, "ह्यातली मोठी कुठली?" मी म्हटलं, "चालता हो."

आता तुझं काम. बाईसाहेबांचा निरोप आला आहे. साचेवाल्याला घेऊन त्या स्वतः येणार, पंजे आणि चोच दोन्ही इथेच मिळतील हे त्यांना कुणीतरी कळवलंय, म्हणून खूश आहेत. येऊ देत. मी राजाच्या दोन्ही पंजांना, नाही, राणीच्या म्हणते आता, जाड कापडाचे मोजे चढवलेत. बखियावर बखिया घातलाय. उसवायला बसले तर तीन दिवस हात दुखतील. कात्र्या सगळ्या माझ्या कंबरेला. चोचीची टोपी तू शिवून आण, माप पाठवते आहे, दोऱ्यानेच घेतलंय, पाकिटात आहे. तुझी शिवण माझ्याहून बारीक, हे मी कधी कबूल केलं नव्हतं, आजही करत नाही, पण टोपी तूच शीव.

बाईंना आम्ही चौघं मिळून एकच सांगणार. न्यायच्या तर दोघी न्या, पेंढ्यासकट, कापसासकट, माझ्या उशीसकट, आणि शेजारी शेजारी ठेवा, मग ज्याला मोजायचं त्याने मोजावं. तुकड्यातुकड्यांनी नाही मिळणार. नाही तर ही काच आहेच. चष्मेवाल्या पोरीला मात्र मी चहाला बोलावलंय, तिचा राग नाही.

गुडघ्याला शेक दे, दुपारच्या बसने ये, खिडकीची जागा घे. उशी माझ्याकडची देते, एक शिल्लक आहे. बुधवारी रात्रीपर्यंत काहीही करून पोच.

गुरुवारी सकाळी येतो म्हणालेत.

तुझी थोरली जाऊ